लेजरमधलं फाडलेलं पान

नव्या लेजरचं पहिलं कोरं पान ही बँकेत एके काळी मोठी सोवळ्यातली गोष्ट असे. आता सगळा व्यवहार संगणकावर गेला, त्यामुळे तरुण मंडळींना हे सांगून पटणार नाही. पण मी १९८१ साली बँकेत लागलो तेव्हा कापडी बांधणीचं जाडजूड लेजर कपाटातून निघालं की आमचे हेडक्लार्क आधी हात पुसत, मग पानं मोजत, तसा दाखला लिहून सही करत आणि मगच ते आमच्या टेबलावर येई. त्यातलं एखादं पान गहाळ झालं असतं, तर ऑडिटरनं सगळी शाखा डोक्यावर घेतली असती.

त्यामुळे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर, हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या कचेरीत घडलेला एक किस्सा वाचला तेव्हा माझ्या अंगावर आधी काटा आला आणि मग हसू फुटलं. रोकड विभागात नवं लेजर आलं होतं. तिथल्या एका पोरसवदा कारकुनाला त्या पांढऱ्याशुभ्र पहिल्या पानाचा मोह आवरला नाही. या नव्या लेजरचा उद्घाटन समारंभ कसा थाटात पार पडला, याचं विनोदी वर्णन त्यानं त्या पानावर लिहून काढलं. लिहून झाल्यावर त्याला भीती वाटली आणि त्यानं ते पान कापून टाकलं. पान नाही म्हटल्यावर मुख्य रोखपालानं स्टेशनरीवाल्याला फैलावर घेतलं. स्टेशनरीवाला हटेना. पहिलंच पान कापणारा एखादा मूर्ख तुमच्याच खात्यात असला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. रोखपालानं जरा विचार केला आणि त्याला आठवलं, की हो, असा एक आहे खरा. त्याचं नाव वुडहाऊस.

पेलहॅम ग्रेनव्हिल वुडहाऊस. जीव्हज आणि बर्टी वूस्टर, लॉर्ड एम्सवर्थ आणि त्याची डुकरीण, यांचा जन्मदाता. ही हकिगत तो स्वतःच पुढे सांगत असे, तेव्हा तिच्यात तिखटमीठ किती आणि मूळ पदार्थ किती याचा हिशेब कुणी मांडू नये.

मी हा किस्सा वाचला तो २०२२ च्या पावसाळ्यात. त्याच वर्षी मार्चमध्ये माझी पत्नी गेली. तेरावा झाला, मुलं आपापल्या नोकरीच्या गावी परतली, आणि घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघेच उरलो. मयत खातेदाराच्या क्लेमचे फॉर्म मी आयुष्यभर इतरांकडून भरून घेतले होते. विधवांना, म्हाताऱ्या बापांना, इथे सही करा म्हणून पेन्सिलीनं फुली मारून दिली होती. या खेपेला काउंटरच्या पलीकडे मी होतो. एका अगदी कोवळ्या मुलीनं मला पेन्सिलीनं फुली मारून दिली. मी सही केली, घरी आलो आणि त्यानंतर काही महिने मला वाचवेना, लिहवेना. चार कादंबऱ्या नावावर असलेल्या माणसाला रोजचं वर्तमानपत्रसुद्धा तिसऱ्या ओळीपुढे सरकेना. जेवणाचंही तसंच. डबा यायचा आणि बराचसा तसाच परत जायचा.

बँकेतले एक जुने सहकारी एकदा भर पावसात आले. समाचाराचं काही बोलले नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीतून तीन जुनी, पानं पिवळी पडलेली वुडहाऊसची पुस्तकं काढून टीपॉयवर ठेवली, चहा घेतला आणि गेले. मला मनातून रागच आला. कॉलेजात असताना मी वुडहाऊस वाचला होता, नाही असं नाही. पण पुढे स्वतः कादंबऱ्या लिहू लागलो, दुष्काळ, कर्ज, मोडलेली घरं असे विषय हाताळू लागलो, तेव्हा हा लेखक मी मनातल्या मनात राइट ऑफ करून टाकला होता. खायला पडलेल्या श्रीमंत पोरांच्या आणि त्यांच्या आत्यांच्या गोष्टी. त्यात काय आहे?

एका रात्री झोप येईना म्हणून त्यातली एक गोष्ट उघडली. लॉर्ड एम्सवर्थची लाडकी डुकरीण, एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज, तिची देखभाल करणारा गडी दारू पिऊन तुरुंगात गेल्यामुळे अन्न सोडते. कृषी प्रदर्शन तोंडावर आलेलं. अमेरिकेत शेतावर राबून आलेला एक तरुण, ज्याला लॉर्डसाहेबांच्या भाचीशी लग्न करायचं आहे, तो डुकरांना जेवायला बोलावण्याची एक रामबाण आरोळी म्हाताऱ्याला शिकवतो. म्हातारा ती आगगाडीत घोकत घोकत निघतो, वाटेत त्याचा डोळा लागतो आणि जागा होतो तो आरोळी साफ विसरून. शेवटी रात्रीच्या अंधारात सरदार, भाची आणि घरचा भारदस्त बटलर असे तिघे कुंपणाशी उभे राहून आळीपाळीनं आरोळ्या ठोकतात. मी मोठ्यानं हसलो. रिकाम्या घरात स्वतःचं हसणं ऐकून दचकलो, आणि लगेच मनात आलं, की मला हसण्याचा अधिकार आहे का? दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र डबा पुरा संपला होता. डुकरिणीचं आणि माझं दुखणं एकच होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

तेव्हापासून या माणसाचा आयुष्यक्रम जमेल तिथून वाचत गेलो. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की आयुष्यात काही दुखलं-खुपलं नाही म्हणून हा हसत राहिला, ही माझी समजूत पार चुकीची होती.

वुडहाऊसचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१ चा, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा. वडील हाँगकाँगमध्ये न्यायाधीश. आई माहेरच्या देशी आली असताना हा जन्मला आणि तिच्याबरोबर हाँगकाँगला गेला. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला दोन मोठ्या भावांसह इंग्लंडला धाडण्यात आलं आणि एका सांभाळणाऱ्या बाईच्या हवाली करण्यात आलं. साम्राज्याची चाकरी करणाऱ्या गोऱ्या घरांत ही रीतच होती. तीन ते पंधरा या वयात त्याला आईवडिलांचा सहवास मिळाला तो सगळा मिळून सहा महिनेसुद्धा भरत नाही. सुट्ट्या या ना त्या नातेवाइकाच्या घरी जात. मावश्या आणि आत्या त्याला चिक्कार होत्या. त्याच्या कादंबऱ्यांतून ज्या करारी आत्या एकामागून एक येतात, त्यांचं मूळ इथे आहे. एखाद्यानं या बालपणावर रडगाण्याचे तीन खंड लिहिले असते. यानं आत्यांना विनोदी करून टाकलं.

१८९४ मध्ये तो डलिच कॉलेज या शाळेत गेला आणि तिथे त्याला पहिल्यांदा घर सापडलं. क्रिकेट, रग्बी, ग्रीक आणि लॅटिन. मोठा भाऊ आर्मिन ऑक्सफर्डला गेला होता, आपणही जाणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. इथे आपला रुपया आडवा आला. वडिलांचं पेन्शन रुपयांत मिळत असे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत चांदी घसरली, तिच्याबरोबर चांदीचा रुपया पौंडाच्या तुलनेत खाली गेला, आणि निवृत्तांच्या घरांत त्याची झळ पोहोचली. दोन मुलांना ऑक्सफर्डमध्ये ठेवणं परवडणार नाही, असं वडिलांनी सांगितलं. विनिमय दराचा तक्ता मी वर्षानुवर्षं रोज सकाळी फळ्यावर लावला आहे. त्या आकड्यांच्या पलीकडे असा एखादा पोरगा उभा असेल, हे माझ्या कधी मनात आलं नाही.

तो मोठा भाऊ आर्मिन पुढे हिंदुस्थानात आला. थिऑसफिस्टांच्या वर्तुळात असताना त्यानं कोवळ्या जे. कृष्णमूर्तींना शिकवलं, आणि नंतर आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. ऑक्सफर्डला गेलेला पुण्यात शिकवत होता, आणि न गेलेला सगळ्या जगाला हसवत होता.

सप्टेंबर १९०० मध्ये एकोणीस वर्षांचा व्हायच्या आतच वुडहाऊस बँकेत चिकटला. दोन वर्षं लंडनमध्ये उमेदवारी करायची आणि मग पूर्वेकडच्या एखाद्या शाखेत रवानगी, असा तिथला शिरस्ता. टपाल, मुदत ठेवी, हुंड्या, रोकड अशी सगळी खाती त्याला फिरवून दाखवली गेली आणि एकाही खात्यात त्याला काही उमगलं नाही. आपल्याला कुठल्याशा शाखेचा मॅनेजर करून पाठवतील या कल्पनेनंच त्याचा थरकाप होई. दिवसभर आकडे, आणि रात्री भाड्याच्या खोलीत लिखाण. नकाराच्या चिठ्ठ्यांचा ढीग साचला, तरी दोन वर्षांत त्याचं बरंच लिखाण मासिकांतून छापूनही आलं. सप्टेंबर १९०२ मध्ये ‘ग्लोब’ या सायंदैनिकात विनोदी सदराचं काम मिळताच त्यानं बँकेचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात त्याचं पहिलं पुस्तक निघालं. बँकेवरचा सूड त्यानं १९१० च्या ‘स्मिथ इन द सिटी’ या कादंबरीत उगवला, पण तो इतक्या प्रेमानं, की बँकवाल्यांनीच ती कादंबरी हौसेनं वाचावी.

पुढची पंचवीस-तीस वर्षं म्हणजे चढती कमान. १९१४ साली तो अमेरिकेत असताना महायुद्ध पेटलं. डोळे अधू, त्यामुळे सैन्यात घेणं शक्य नव्हतं. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये एथेल या विधवेशी त्यानं लग्न केलं. तिची लहान मुलगी लिओनोरा हिला त्यानं आपलं नाव दिलं आणि ती त्याच्या काळजाचा तुकडा झाली. लिखाणाबद्दल त्याला विश्वासानं सल्ला घ्यावासा वाटे तो तिचाच. १९१५ साली ब्लँडिंग्ज कॅसलची पहिली कादंबरी आली, त्याच साली एका गोष्टीत जीव्हजनं पाऊल ठेवलं. गाय बोल्टन आणि जेरोम कर्न यांच्याबरोबर केलेल्या संगीतिकांनी ब्रॉडवे गाजवला. १९३० मध्ये हॉलिवूडनं आठवड्याला दोन हजार डॉलर देऊन त्याला बोलावलं आणि जवळजवळ काहीच काम दिलं नाही. वर्षभरानंतर एका बातमीदारापुढे त्यानं ही गोष्ट भाबडेपणानं कबूल केली, आपण एवढा पैसा फुकटच घेतला याचं आश्चर्यही व्यक्त केलं, आणि तिथल्या चित्रपटधंद्यात हलकल्लोळ माजला. आपल्या बोलण्याचा कोण काय अर्थ लावील, याचा या माणसाला अंदाजच नसे. ही गोष्ट पुढच्यासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जून १९३९ मध्ये ऑक्सफर्डनं त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. रुपयानं बंद केलेलं दार असं अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी उघडलं. तिथे ही गोष्ट संपली असती, तर ती वुडहाऊसच्याच कादंबरीसारखी झाली असती.

त्या वेळी तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल तुके इथे राहत होता. मे १९४० मध्ये जर्मन फौजा तिथे पोहोचल्या. जुलैत साठीच्या आतल्या ब्रिटिश पुरुषांना उचललं, त्यात हा अठ्ठावन्न वर्षांचा लेखकही गेला. आधी तुरुंग, मग बेल्जियममधला एक जुना किल्ला आणि शेवटी अप्पर सायलेशियात टोस्ट या गावी, एका रिकाम्या केलेल्या वेड्यांच्या इस्पितळात. अन्न अपुरं, थंडी कडाक्याची, निजायला पन्नास-साठ जणांची एक खोली. तिथे त्यानं चहूबाजूंना माणसांचा गलका चालू असताना एक पूर्ण विनोदी कादंबरी लिहिली. तिचं नाव ‘मनी इन द बँक’. माझ्या टीपॉयवरच्या तीन पुस्तकांत ती होती. ती कुठे लिहिली गेली हे ठाऊक नसताना मी ती अर्धी वाचली होती, आणि कुठल्याही ओळीत मला तुरुंग दिसला नव्हता. कळल्यावर मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. तरी दिसला नाही.

जून १९४१ मध्ये, साठी पुरी व्हायला काही महिने असताना, त्याला सोडून बर्लिनला आणलं गेलं. तिथे त्याच्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक घडली. आपल्या तुरुंगवासाच्या हकिगती त्यानं नेहमीच्या हलक्याफुलक्या ढंगात जर्मन रेडिओवरून अमेरिकन श्रोत्यांना पाच भाषणांत सांगितल्या. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. तिथल्या वाचकांनी पत्रं पाठवली होती, त्यांचे आभार मानावेत, एवढाच आपला हेतू होता असं तो पुढे सांगत राहिला. जर्मनांचा हेतू अर्थातच निराळा होता. आपण कैद्यांना किती बरं वागवतो, हे अमेरिकेला या लेखकाच्या तोंडून ऐकवायचं होतं. लंडन नुकतंच महिनोन्‌महिन्यांच्या बॉम्बहल्ल्यांतून बाहेर पडलेलं. तिथे संतापाचा भडका उडाला. बीबीसीवरून त्याला जाहीरपणे देशद्रोही ठरवण्यात आलं, काही वाचनालयांनी त्याची पुस्तकं फळ्यांवरून काढली, जुने लेखकमित्र उलटले.

नोकरीत असताना दोन-तीन खातेनिहाय चौकश्यांत मी चौकशी अधिकारी होतो. नजरचूक, हलगर्जी आणि बदनियत या तिन्हींत फरक करावा लागतो, आणि तो करताना माणसाची रात्रीची झोप उडते. वुडहाऊसचं प्रकरण माझ्यापुढे आलं असतं तर? बदनियत नाही, हे मी निःशंकपणे लिहिलं असतं. पण हलगर्जीचा ठपका मला टाळता आला नसता. ज्या हवेत माणसं जिवंत जळत होती, त्या हवेत आपला विनोद कुणाच्या तोंडचा घास होतो आहे, हे त्यानं पाहायला हवं होतं. त्याचं बालपण सुसह्य करणारा आणि तुरुंगात त्याला शाबूत ठेवणारा जो गुण, तोच इथे त्याच्यावर उलटला. पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यानं त्याची कसून चौकशी केली आणि निष्कर्ष साधारण असाच निघाला, की माणूस मूर्खपणे वागला, पण द्रोही नाही. जॉर्ज ऑर्वेलनंही १९४५ साली त्याच्या बाजूनं लेख लिहिला. चौकशीचा तो अहवाल मात्र सरकारनं १९८० पर्यंत दाबून ठेवला. ज्याच्यावर आरोप होता त्याला तो कधी पाहायलाच मिळाला नाही. हे कुठल्याही चौकशी अधिकाऱ्याला लाज वाटावी असं आहे.

या सगळ्याहून मोठा घाव मे १९४४ चा. लिओनोरा लंडनमध्ये एका साध्याशा शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली आणि गेली. जेमतेम चाळिशीची. वुडहाऊस तेव्हा जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये. बातमीसुद्धा उशिरा पोहोचली. अंत्यदर्शन नाही, मूठभर माती नाही. तो फार बोलला नाही. पण लिहीत राहिला. पकडला गेल्यापासून युद्ध संपेपर्यंतच्या वर्षांत त्यानं एकामागून एक विनोदी कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या. त्यातली ‘जॉय इन द मॉर्निंग’ पकडला जाण्याआधी सुरू झालेली. तिचं अर्धं हस्तलिखित एथेलनं सांभाळून ठेवलं आणि जर्मनीत आणून दिलं, तिथे ती पुरी झाली. सकाळच्या आनंदाचं नाव असलेली ही कादंबरी जीव्हजच्या कादंबऱ्यांतली सर्वांत लखलखीत आहे, असं पुष्कळ जण मानतात. मीही मानतो.

हे पळून जाणं आहे का? या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. दुःखावर विनोद लिहिणारे आपल्याकडेही झाले. पण वुडहाऊस दुःखाचा उल्लेखच करत नाही. त्याच्या जगात मरण नाही, आजार नाही, ऊन कायम कोवळं आणि गुलाब कायम फुललेले. मला आता असं वाटतं, की पळणारा माणूस रोज सकाळी टेबलाशी बसून तेच पान दहा-दहा वेळा दुरुस्त करत नाही. वुडहाऊस तेच करी. वाक्य नीट ठोकून बसवल्याशिवाय तो पुढे जात नसे. कथानकाच्या टिपणांची शेकडो पानं आधी लिहून काढी. दुसऱ्याला हलकं वाटावं म्हणून त्यानं घेतलेले हे कष्ट होते. माझ्या घरी भर पावसात पुस्तकं घेऊन आलेल्या माणसाचे कष्ट त्याच जातीचे.

१९४७ मध्ये तो अमेरिकेला गेला तो पुन्हा इंग्लंडला परतला नाही. ज्या देशाचं एवढं लोभस चित्र त्यानं रेखाटलं, त्या देशाची माती नंतर त्याच्या पायाला लागली नाही. लाँग आयलंडवर रेमझेनबर्ग या खेड्यात घर घेतलं. कुत्री, मांजरं, रोजची रपेट आणि रोजचं लिखाण. १९५५ मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं. १९६१ साली, त्याच्यावर चिखलफेक झाल्याला बरोबर वीस वर्षं होत असताना, एव्हलिन वॉनं त्याच बीबीसीवरून त्याचं ऋण जाहीरपणे मान्य केलं. १९७५ च्या नववर्षाला ब्रिटिश सरकारनं त्याला ‘सर’ केलं. दीड महिन्यानं, १४ फेब्रुवारीला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. अर्धवट राहिलेली ब्लँडिंग्जची कादंबरी तो तिथेही बरोबर घेऊन गेला होता.

नव्वदाहून अधिक पुस्तकं त्यानं लिहिली. माझी आतापर्यंत चाळीसएक वाचून झाली आहेत. घाई नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर वीस पानं, असा हप्ता बांधून घेतला आहे. पत्नीचा फोटो समोरच्या भिंतीवर आहे. सुरुवातीला हसू आलं की मी नजर चुकवत असे. आता चुकवत नाही. एखादी जागा फारच बहारीची असली तर ती मोठ्यानं वाचतो. तिला इंग्रजीपेक्षा चिमणराव आणि गुंड्याभाऊ जवळचे, त्यामुळे वाचताना जमेल तसं मराठी करत जातो. पुष्कळदा वाक्य बिघडतं. मग पुन्हा करून पाहतो.

मागच्या आठवड्यात ते सहकारी आले होते. पुस्तकं परत नेऊ का, म्हणून त्यांनी विचारलं. मी त्यांना अजून मुदतवाढ मागितली आहे.